अंतर्गत धोरणानुसार

बँकेने कर्ज नाकारलं तर माणूस समजून घेतो. आपण मागितलं, त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला. पण ज्याने काहीच मागितलं नव्हतं त्याला रोज फोन करकरून 'घ्या हो घ्या' म्हणायचं, आणि तो 'बरं, द्या' म्हणाला की 'क्षमस्व' कळवायचं, हा व्यवहार आमच्या थोरल्या चुलत्यांना, म्हणजे अप्पांना, काही केल्या पचेना. त्यातून त्यांचं सिबिल ८१२.

हा आकडा अप्पांना आधार नंबरासारखा पाठ आहे, आणि त्याला कारण मूर्तिजापूर. २०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची बातमी सगळीकडे गाजली. सोयरीक जमत आली होती. मुलीच्या मामांनी ऐन बैठकीत नवऱ्या मुलाचं सिबिल दाखवा म्हटलं. त्यात कर्जं निघाली, आणि लग्न मोडलं. अप्पांचा धाकटा मुलगा तेव्हा लग्नाचा होता. बातमी वाचल्यावर त्यांनी मुलाचा अहवाल काढायला लावला. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, हे रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून लागू केलंय. फुकट म्हटल्यावर किराणा दुकानदाराने मागे राहणं शक्य नव्हतं, म्हणून अप्पांनी स्वतःचाही काढला. कर्जफेडीवरून काढलेला हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या वरचा माणूस चांगला समजतात. अप्पांनी मोटारसायकलचं कर्ज, दोनदा सोनेतारण आणि घराचे हप्ते असं सगळं तारखेच्या आधी फेडलेलं. मुलाचं सिबिल बरं निघालं, बापाचं विशेष योग्यतेत. तेव्हापासून पाहुण्यांसमोर पोह्यांच्या आधी ८१२ येत असे.

फोन सुरू झाले ते त्यानंतर. दर वेळी नवी मुलगी, तेच वाक्य : 'सर, आपका सिबिल बहुत अच्छा है, आपके लिए तीन लाख लिमिट का कार्ड प्री-अप्रूव्ड है.' अप्पांना कार्ड नको होतं. त्यांना फक्त हे वाक्य आवडत होतं. ते दुकानात गिऱ्हाईक असलं की फोन स्पीकरवर टाकायचे.

त्याच वर्षीच्या कार्तिकी पौर्णिमेला आम्ही आमच्या बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला होतो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : मांजरसुंब्याच्या चौकातून आत वळलं की डोंगर उतरत उतरत रस्ता एका दरीत जातो. तिथे आम्हा लिंगायतांच्या मन्मथ स्वामींची समाधी आहे, बाजूला कड्यावरून धार पडते. पावसाळ्यात धबधबा बघायला सगळं जग येतं, कार्तिकीला आमची माणसं येतात. लातूर, नांदेड, परभणीकडून, शिवाय कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या चालत येतात, आणि दरीत पाय ठेवायला जागा उरत नाही. रेंजला तर अजिबातच नाही. तरीही त्या दुपारी अप्पांच्या फोनला कुठून तरी दोन काड्या आल्या, आणि त्याच दोन काड्यांवरून ती मुलगी आली.

दर्शन झालेलं, महाप्रसाद झालेला, मन भरलेलं. अप्पा म्हणाले, "द्या."

पलीकडे क्षणभर शांतता. त्या मुलीच्या नोकरीत हा शब्द फार ऐकू येत नसावा.

मग पॅन, आधार, दुकानाचं विवरणपत्र, आणि शेवटी व्हिडिओ केवायसी. ही सोय रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये दिली. शाखेत जायला नको. अधिकारी मोबाइलवर तुम्हाला बघतो, पॅनकार्ड कॅमेऱ्यापुढे धरायला सांगतो, तुम्ही कुठे उभे आहात याची नोंद घेतो. अप्पा रेंजच्या मागे मागे चढ चढून गाड्या लावलेल्या जागी उभे राहिले. पाठीमागे लाऊडस्पीकरवर कीर्तन, समोरून उसाच्या रसाचं गुऱ्हाळ घुंगरू वाजवतंय.

"सर, बॅकग्राउंड में आवाज़ बहुत है."

"यात्रा हाय," अप्पा म्हणाले.

"सर, आप घर पे नहीं हैं?"

"देवाच्या घरी हाय."

पॅनवरच्या फोटोत अप्पा पस्तिशीचे, काळ्या मिशीचे, चष्म्याशिवाय. समोर होते ते सत्तरीला टेकलेले, टोपी घातलेले, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे ओढलेले. अधिकाऱ्याने फार अदबीने विचारलं, माथ्यावर जे लावलंय ते पुसता येईल का, चेहरा जुळत नाहीये. कार्तिकी पौर्णिमेला, कपिलधारला, लिंगायत माणसाला विभूती पुसायला सांगणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? अप्पांनी आवाज न चढवता सांगितलं, "चेहरा जुळंना तर नका जुळवू." पण तंत्रज्ञान जोरात असावं, चेहरा विभूतीसकट जुळला.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी संदेश आला. आपल्या अर्जाबद्दल आभार, अंतर्गत धोरणानुसार या वेळी आपला अर्ज मंजूर करता येत नाही, क्षमस्व.

अप्पांनी तो तीन वेळा वाचायला लावला. मग म्हणाले, "मी कुठं मागाया गेलतो?"

हे वाक्य मला त्या रात्री फार वेळा ऐकावं लागलं. नशिबाने शेजारच्या सतरंजीवर लातूरचे एक निवृत्त शाखाधिकारी होते. दिंडीत त्यांना सगळे साहेबच म्हणतात. उभा जन्म त्यांनी लोकांना कर्ज देण्यात आणि त्याहून जास्त न देण्यात घालवलेला. त्यांनी पायाला तेल चोळता चोळता अप्पांची उलटतपासणी सुरू केली.

"अप्पा, तुमच्या दुकानात उधारी चालते?"

"चालते की. वही हाय."

"शाळेतले मास्तर नेतात?"

"नेतात. एक तारखेला चोख देतात."

"त्या मास्तरांनी उद्या पाच पोती साखर उधार मागितली तर?"

"पाच पोती? मास्तरला कशाला पाच पोती?"

"बघा," साहेब म्हणाले. "माणूस चोख आहे, एक रुपया बुडवला नाही, तरी तुमचा पहिला प्रश्न कशाला. सिबिल ८१२ म्हणजे एवढंच की तुम्ही आजवर घेतलेलं फेडलं. तुमची कमाई किती, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. ते बँक वेगळं बघते. तुमच्या विवरणपत्रात उत्पन्न किती दाखवलंय?"

अप्पा इकडेतिकडे बघू लागले. किराणा दुकानदाराला यात्रेच्या पवित्र जागी विवरणपत्रातलं उत्पन्न विचारणं हे विभूती पुसायला सांगण्याच्या खालोखाल अवघड होतं. थोडक्यात, आयकर खात्याला दाखवलेले अप्पा आणि तीन लाखांची मर्यादा पेलणारे अप्पा ही दोन वेगळी माणसं होती, आणि बँकेने पहिल्यावर विश्वास ठेवला होता.

"बरं, मास्तरांनी सकाळपासून पेठेतल्या सहा दुकानांत उधारी मागितली असं तुम्हाला कळलं तर?"

"मग मी शटरच ओढतो."

"तसंच. प्रत्येक अर्जाची नोंद होते. थोड्या दिवसांत चार ठिकाणी अर्ज दिसले की बँकेला वाटतं, याला कुठेतरी आग लागलीय. आपण आपला अहवाल बघितला तर काही बिघडत नाही. बँकेने अर्जावरून बघितला की नोंद पडते. आजची तुमची पडली." म्हणजे कार्ड तर मिळालं नाहीच, वर ते मागितल्याची खूण मात्र अहवालात राहिली. अप्पांनी तेलाची बाटली जरा जोरात खाली ठेवली.

पुढचा मुद्दा जामिनाचा होता, आणि तो मराठवाड्याचा राष्ट्रीय मुद्दा आहे. आमच्याकडे जामीन राहणं ही सही नसते, ते नातं असतं. भाचा ट्रॅक्टर घेतो, मामा अंगठा टेकवतो, आणि चहा पिऊन दोघंही विसरतात. ते कर्ज जामीनदाराच्याही अहवालात दिसतं हे मामाला माहीत नसतं, आणि भाच्याचे हप्ते उशिरा जातायत हे तर भाचा मुद्दाम सांगत नाही. अप्पा दोघांना जामीन आहेत. दोघेही फेडतायत, म्हणून आकडा शाबूत. पण बँक दोन ट्रॅक्टर अप्पांच्याच अंगणात उभे करून मोजते. "माझ्याकडं बैलगाडीबी न्हाई," अप्पा म्हणाले.

आणि नावं. आमच्या लोकांत मन्मथ, महादेव, शिवलिंग ही नावं इतकी, की दिंडीत 'मन्मथअप्पा' अशी हाक मारली तर रांग थांबते. एकाच माणसाचं पॅनवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, वीजबिलावर तिसरं. बँकेच्या यंत्राला या तिघांत एक माणूस ओळखायचा असतो. कधी ते तिघांना तीन समजतं, कधी भलत्याच गावच्या नामधाऱ्याचं थकलेलं कर्ज तुमच्या पदरात बांधतं. चूक दाखवून दिल्यावर ती तीस दिवसांत निस्तरली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, असा नियम आता आहे. साहेबांनी हे सांगताच आजूबाजूच्या दोन-तीन सतरंज्या जवळ सरकल्या.

पत्त्याचा भाग मात्र त्यांनी आवाज खाली घेऊन सांगितला. कार्ड देणाऱ्या कंपन्या कुठल्या गावात कार्ड द्यायचं ते स्वतः ठरवतात. पिनकोडच्या याद्या असतात. काही धंदेही नकोसे असतात. वकील, पोलीस, पत्रकार यांना कार्ड द्यायला बँका कचरतात हे बँकवाल्यांत उघड बोललं जातं, फक्त छापलं जात नाही. वसुलीला गेलेला माणूस वकिलाच्या दारात उभा राहील कसा, असा त्यातला हिशेब. आता बीडबद्दल बाहेर काय बोललं जातं ते मी इथे लिहायला नको. पण ज्या जिल्ह्याच्या गावाला रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला, तिथे प्लॅस्टिकचं कार्ड पिनकोड बघून थबकलं तर त्याला काय दोष द्यायचा?

इतकं झाल्यावरही अप्पांचा मूळ सवाल जागेवरच होता. नाही द्यायचं तर नका देऊ, पण मग बोलावलं कामून?

साहेब हसले. म्हणाले, फोन करणारी पोरगी बहुतेक वेळा बँकेची नसतेच, एजन्सीची असते. तिच्यापुढे नावांची यादी असते. यादीत तुम्ही आलात कारण आकडा चांगला. तिला अर्ज गोळा करण्याचे पैसे. मंजूर-नामंजूर करणारा माणूस किंवा यंत्र दुसऱ्याच शहरात, आणि या दोघांची आयुष्यात गाठ पडत नाही. पूर्वमंजूर याचा अर्थ, तुम्हाला विचारायला हरकत नाही एवढंच मंजूर झालंय. खाली बारीक अक्षरात चांदणी असते तिच्यात बाकी सगळं.

"माझ्या दुकानात असं होत न्हाई," अप्पा म्हणाले. "आमची ही गिऱ्हाईकाला बलावणार आन मी हाकलणार, असं होतं का कधी?" खरं तर होतं. काकू गल्लीतल्या बायकांना 'न्या की, पैसे कुठं पळून चाललेत' म्हणतात, आणि संध्याकाळी अप्पा वही बघून कपाळाला हात लावतात. पण हे मी त्या वेळी बोललो नाही.

शिवाय वरून हुकूम येतात ते वेगळेच. १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्डावरच्या उधारीचा जोखीमभार १२५ वरून १५० टक्क्यांवर नेला. म्हणजे कार्डावर दिलेल्या प्रत्येक रुपयामागे बँकेने आपलं स्वतःचं भांडवल जास्त अडकवून ठेवायचं. साहेबांनी ते अप्पांच्या भाषेत सांगितलं : घाऊक व्यापाऱ्याने तुमच्याकडून जास्त अनामत मागितली, तर तुम्ही काल ज्याला उधार दिलं असतं त्याला आज देत नाही. त्यात गिऱ्हाईकाचं काही चुकलेलं नसतं. हे अप्पांना लगेच पटलं. घाऊक व्यापाऱ्याबद्दल काहीही वाईट सांगितलं की त्यांना पटतं.

अप्पांना बरं वाटावं म्हणून मी अमेरिकेतला किस्सा सांगितला. बेन बर्नान्की म्हणून गृहस्थ अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष होते. डॉलरचा भाव ज्यांच्या खोकल्याने हलायचा, असे. २०१४ च्या सुरुवातीला पायउतार झाले, आणि त्याच ऑक्टोबरात शिकागोच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच सांगितलं, मी घराचं कर्ज नव्याने बांधून घ्यायला गेलो आणि मला नाकारलं. भाषणांचे आणि पुस्तकाचे लाखो डॉलर मिळणारा माणूस. पण यंत्राला दिसलं ते एवढंच की याने नुकतीच नोकरी सोडलीय. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येंचं सिबिल किती होतं?"

त्याच अमेरिकेत उलटंही करून झालंय. १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात ६०,००० कार्डं न मागता घरोघर टपालाने टाकली. चौकशी नाही, अर्ज नाही. वसुली अशी थकली की बँकेचे डोळे पांढरे झाले. आपल्याकडे न मागता कार्ड पाठवायला आता मनाई आहे. न मागता फोन करायला मात्र अजून कुणी मनाई केलेली दिसत नाही. किंवा केली असेल तर ती त्या मुलींपर्यंत पोचलेली नाही.

ज्याने कधीच कर्ज घेतलं नाही त्याची गत आणखी मजेची. आमच्या दिंडीत एक ताठ कण्याचे शेतकरी होते. कुणाचं एक पैशाचं देणं नाही, हे ते दर दोन मैलांनी सांगत. साहेबांनी त्यांचा अहवाल मोबाइलवर काढून दाखवला, तर आकड्याच्या जागी उणे एक. म्हणजे इतिहासच नाही. आयुष्यभर सांभाळलेल्या अब्रूला उणे एक गुण! ते गृहस्थ त्यानंतर बराच वेळ बोलले नाहीत. पीक कर्जाला सिबिल मागू नका असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस बँकांना बैठकीत बजावतात, गुन्हे दाखल करू म्हणतात, आणि पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका असं दिल्लीहूनही सांगून झालंय. शाखेतला बाबू सगळं ऐकतो आणि म्हणतो, "ते खरंय हो, पण सिबिल आणलंय का?"

आणि आमच्याच जिल्ह्यात एक उधारी अशी आहे की तिला यातलं काहीच लागत नाही. कार्तिकीपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेलेल्या असतात. मुकादम एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. पॅन नको, पिनकोड नको, मंजुरी जागेवर. ती उचल फिटता फिटत नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा कारखान्याची वाट धरायला लावते, हे बीडला कुणी बाहेरच्याने सांगायला नको. म्हणून कुणी फार पटकन पैसे देऊ करतो तेव्हा मला धडकी भरते. कार्डाचंही तेच, बाकी थकली की महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज. अप्पांना नकार आला याचं मला आतून थोडं बरं वाटलं होतं, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

दुसरंही एक मनात येऊन गेलं. आमचा अहवाल चार चार कंपन्या ठेवतात, २०२५ पासून तर दर पंधरा दिवसांनी त्यात भर पडू लागली. पण जास्त व्याजाला भुलून ज्या मल्टिस्टेट पतसंस्थांत आमच्या लोकांनी पोरीच्या लग्नाचे पैसे ठेवले आणि गमावले, त्यांचं सिबिल काढायचं कुणाला सुचलं होतं?

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला चहाला थांबलो, तर अप्पांचा फोन वाजला. नवी मुलगी, तीच बँक, तेच तीन लाख. अप्पांनी तिला कालचा सगळा वृत्तान्त मुळापासून सांगितला. ती म्हणाली, "सर, आप एफडी के अगेन्स्ट ले लीजिए, वो पक्का मिलेगा." म्हणजे आपणच बँकेत ठेव ठेवायची, आणि तिच्या भरवशावर बँकेने आपल्याला उधार द्यायचं. अप्पांनी चाळीस वर्षं उधारीचा धंदा केलाय, पण गिऱ्हाईकाचेच पैसे आधी गल्ल्यात घेऊन त्यालाच उधारीवर साखर द्यायची युक्ती त्यांना सुचली नव्हती. त्यांनी फोन ठेवल्यावर बराच वेळ मान हलवली. ती कौतुकाची होती.

साहेबांनी निरोप घेताना एक कानमंत्र दिला होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक नियमांत लिहिलंय, अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. अप्पांनी बीडला पोचताच अर्ज टाकला. दोनदा स्मरणपत्र. मग उत्तर आलं, चकचकीत कागदावर, मथळ्याला बँकेचं चिन्ह : आपला अर्ज अंतर्गत धोरणानुसार नाकारण्यात आला आहे. लेखी होतं, एवढं मात्र खरं.

अप्पांनी ते पत्र फेकून दिलं नाही. त्यांना त्यातली भाषा आवडली. इतकी वर्षं ते नको त्या उधारीवाल्याला 'साखर संपली', 'मुलगा आला की बघू' असल्या सबबी सांगत होते आणि पोत्यावर बसूनच साखर संपल्याचं सांगताना ओशाळत होते. आता ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "अंतर्गत धोरणानुसार तुमची मागणी मंजूर करता येत न्हाई. क्षमस्व." पहिल्या आठवड्यात चार-पाच जण गुपचूप परत गेले. परवा मात्र तेच एक तारखेवाले मास्तर आले. घरी पाहुणे, पाच किलो साखर आणि चहापत्ती, महिनाअखेर. अप्पा गमतीने त्यांनाही तेच म्हणाले.

मास्तर पिशवी काउंटरवर ठेवून स्टुलावर ऐसपैस बसले. म्हणाले, "ठीक आहे अप्पा. कारण लेखी द्या."